मेथीच्या सात पुड्या

३ नोव्हेंबर, सोमवार

डबा गेला. सात चाळीसच्या स्वारगेट गाडीवर कंडक्टर संजय होता, म्हणून काळजी नाही. इंजिनाच्या झाकणावर ठेवतो तो, म्हणजे डबा गरम राहतो. स्वारगेटला माझी पोरगी आरजू उतरवून घेते आणि आधीचा रिकामा डबा त्याच्याकडे देते. बत्तीस वर्षं भोर डेपोत कंडक्टर होतो, लोकांचे डबे असेच पोचवले. आता माझ्या बायकोचा डबा दुसरा कुणी पोचवतो.

भात, मुगाची आमटी, दुधी. आणि सगळ्यात वरच्या वाटीत, कागदात गुंडाळून, गुरुवारच्या डब्यापर्यंत पुरतील अशा सात गोळ्या.

इथे लिहून टाकतो, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. त्या गोळ्या माझ्या आहेत. माझ्या साखरेच्या. आजपासून मी घेणार नाही, खुर्शिदा घेईल.

४ नोव्हेंबर

काल कारण लिहायचं राहिलं.

दिवाळीच्या सुटीत आरजू आली होती. पुण्यात लॅबमध्ये संशोधन करते ती. काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर औषध घालायचं आणि त्या कशा वागतात ते बघत बसायचं. तिनं लॅपटॉपवर दोन फोटो दाखवले. एका बशीत पेशींची ही दाटी — मांढरदेवीच्या यात्रेतली गाडी, पाय ठेवायला जागा नाही. दुसऱ्या बशीत इथे एक, तिथे एक.

"अब्बा, या दुसरीत काय घातलंय माहितेय? तुमचीच साखरेची गोळी. मेटफॉर्मिन."

पेशीला साखरेची हाव असते म्हणे. हे औषध पेशीच्या आतली भट्टीच मंद करतं. मग ती वाढत नाही, आजूबाजूला पसरत नाही.

ती पुढेही बोलत होती. मी ऐकलं नाही. आत जाऊन माझ्या गोळ्यांचा टिन उघडून बघत होतो. खुर्शिदाच्या छातीतली गाठ काढून तेव्हा दोन महिने झाले होते, केमो चालू होता, आणि औषध माझ्या घरात, फळीवर!

आरजूला विचारलं तर नाहीच म्हणेल. डॉक्टरही तेच. म्हणून परस्पर खुर्शिदाला फोन केला. म्हटलं, सरकारी दवाखान्यातून जादा मागून आणल्यात, सकाळ-संध्याकाळ एक घे, पोरीला कळू देऊ नको.

ती म्हणाली, "बरं." तिचं सगळ्याला "बरं" असतं. चौतीस वर्षांत वेगळं काही ऐकलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तोंड सारखं कोरडं. तांब्या भरून ठेवतो, संपतो. पाय जड झालेत. झाले तर होऊ देत.

दुसरा डबा गेला, पुन्हा सात गोळ्या. संध्याकाळी आधीचा रिकामा आला. खरं तर रिकामा कधीच येत नाही. खुर्शिदाच्या माहेरची रीत आहे, कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. मला साखर चालत नाही. म्हणून मेथीची पूड पाठवलीय, कागदाच्या सात पुड्या बांधून. फोनवर म्हणाली, "कडू हाय. पण सकाळ-संध्याकाळ एक, चुकवायची न्हाई."

कॅन्सर हिला आणि पथ्य मला! पण घेतली. कडूजहर.

९ नोव्हेंबर

आज कुणाशी बोललो नाही. दूधवाल्याला "अर्धा" म्हणालो, तेवढंच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

संजय म्हणाला, "चाचा, चाचीला आमच्या मार्गासनीचा तांदूळ धाडा. लई मऊ भात व्हतो, गिळायला त्रास न्हाई." उद्या दोन किलो आणून देतो म्हणाला. बरं पोरगं आहे. गाडी सुटताना त्यानं बेल मारली आणि मी स्टँडवर उगाच उभा राहिलो, गाडी कापूरहोळच्या रस्त्याला लागेपर्यंत. घरी जायला पाय निघेना.

नोकरीत हिर्डोशीची मुक्कामी गाडी माझ्याकडे असायची. ड्रायव्हर जेवून झोपायचा, मी सीटवर एकटा. तेव्हा कधी एकटं वाटलं नाही, कारण घरी कोण आहे ते माहीत होतं. आता घरात मी आणि घरी कोणी नाही.

आरजूची एक खोली, तिघी पोरी राहतात. तिथून दवाखाना जवळ म्हणून खुर्शिदाला तिथे ठेवली. घरमालकीणबाईंचा नियम — पुरुषमाणूस वर नको, बाप असला तरी. बाईंचंही बरोबर आहे. पण मला राग येतो, येतोच.

१७ नोव्हेंबर

डबा गेला. सात गोळ्या. सात पुड्या आल्या.

२० नोव्हेंबर, गुरुवार

साखर तपासून आलो. पंधरवडा झाला गोळी बंद करून, आता डॉक्टरीणबाई झाडणार. बाई कागद बघून म्हणाल्या, "चाचा, छान. गोळ्या अशाच वेळेवर घ्या."

मी "हो" म्हणालो.

मेथीत एवढी ताकद! घरी येऊन पुडीला सलाम ठोकला. एकट्या माणसाला असले खेळ सुचतात. म्हणजे माझं मेथीवर भागतंय आणि गोळी तिच्या कामी येतेय. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

२३ नोव्हेंबर, रविवार

पुण्याला जाऊन आलो. आरजूच्या खोलीखाली, पार्किंगमधल्या बाकावर खुर्शिदा आणि मी बसलो, तासभर. तिच्या डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. किती वाळलीय. आरजूनं वरून चहा आणून दिला. खुर्शिदाच्या हातून कप निसटला. "केमोनं बोटं बधिर झालीत," म्हणाली, जणू दुसऱ्या कुणाची बोटं.

तिचं पोटही ठीक नाही. उलट्या होतात.

आरजू वर गेल्यावर हळूच विचारलं, "गोळ्या घेतेस ना?"

"घेते की. तुमी मेथी घेता न्हवं?"

"घेतो."

"मग झालं." आणि माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही रडणार. रडली नाही. माझ्या शर्टाचं वरचं बटण लावायला गेली, तिला जमेना. मीच लावलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी डबा दिला. दुपारी आरजूचा फोन — नवा रिपोर्ट आला. लिव्हरवर डाग आहे. औषध बदलणार आहेत.

मी म्हटलं, "असं कसं? पसरायला नको होतं." मग विचारलं, "दिवाळीत तू त्या बश्यांचं सांगत होतीस, पुढे काय होतं?"

ती म्हणाली, "अब्बा, बशीत आम्ही जेवढं औषध घालतो, तेवढं गोळी गिळून माणसाच्या रक्तात कधी पोचतच नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या ज्या बायकांना साखर नाही, त्यांना ही गोळी कित्येक वर्षं देऊन बघितलीय. आजार परत यायचा तो आलाच. बशीतली पेशी आणि अम्मी, यांत फार अंतर आहे. तेच सांगत होते, तुम्ही उठून गेलात. का विचारताय?"

"सहज," म्हटलं.

मागचा पॅसेंजर पायरीवर आणि मी गाडी सोडायची डबल बेल दिली! आयुष्यभर ड्रायव्हरला जे करू दिलं नाही ते स्वतः केलं. या गोळीनं पोट बिघडतं, मला पहिले दोन महिने बिघडलं होतं. तिच्या उलट्या माझ्या गोळ्यांच्या असतील. तिचं अन्न मी काढून घेतलं. गोळ्या थांबव म्हणून सांगायला तिला तीन वेळा फोन लावला, झोपलीय म्हणे.

संध्याकाळी परत आलेला डबा आणला. उघडला नाही. तिच्या हातची मेथी आज कुठल्या तोंडानं खाऊ?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी पुडी उघडली. मेथीत गोळी. पांढरी, माझीच.

सातही उघडल्या. दोन पुड्यांत मेथीबरोबर कुटलेली भुकटी, तीन पुड्यांत तुकडे, शेवटच्या दोन्हींत अख्ख्या.

तिनं एकही घेतलेली नाही. महिन्याच्या मोजून गोळ्या देतात, जादा देत नाहीत — माझ्या गोळ्या आणायला इतकी वर्षं तीच तर जायची दवाखान्यात, माझी थाप तिला तेव्हाच कळली असणार. पहिल्या दिवसापासून कुटून मलाच परत पाठवत होती. आता कुटायला बोटं चालत नाहीत.

डबा भरलाय. आज संजयकडे देणार नाही, मीच घेऊन जातो. वर सोडलं नाही तर बाकावर बसेन, ती खाली येईपर्यंत. सकाळची गोळी अजून घेतली नाही, खिशात आहे. तिच्यासमोर घेईन.