पायरीवरचं घीयर

बाबा,

आज दुपारभर मी तुमचा स्टीलचा डबा घेऊन उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये मिठाईच्या दुकानांतून होळीचं घीयर शोधत हिंडले आणि भर रस्त्यात एकटीच हसले. घरी आल्यावर कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना. ह्यांना सांगायला गेले तर ते म्हणाले, बरं, मग रात्री जेवायला काय आहे? तुमच्या जावयाचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, तो इतक्या वर्षांत तसूभर बदललेला नाही. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, किती दुकानं चाखलीस? थांबा, सांगते सगळं.

आपण अंबरनाथला राहायचो तेव्हा महिन्यातला एक रविवार ठरलेला असायचा. तुमची कारखान्यातली पाळी नसली की तुम्ही आईला सांगायचात, पडद्यांचं कापड बघून येतो, आणि मला बरोबर घ्यायचात. उल्हासनगरात कापड स्वस्त, हे आईला पटायचं. ते पडदे माझं कॉलेज संपेपर्यंत आपल्या घरी आले नाहीत. आपण कॅम्प दोनच्या गल्ल्यांत पायी फिरायचो. सुरुवात दाल पकवानने. कुरकुरीत पकवानाचा तुकडा मोडून, त्यात चण्याची डाळ आणि चिंचेची चटणी भरून, तुम्ही पहिला घास मला द्यायचात. मग तळलेली कमळकाकडी, मग कुठे पॅटिस, आणि शेवटी मिठाईची दुकानं, एकामागून एक. सगळं उभ्यानं आणि थोडं थोडं. बसून खाल्लं की पोट भरतं, चव कळत नाही, हे तुमचं म्हणणं. मला अजून दिसतंय, तुम्ही पांढऱ्या बुशशर्टाला डाग पडू नये म्हणून पुढे वाकून खाताय, आणि मी तुमच्या कोपराशी उभी राहून तशीच वाकतेय.

तिथेच तुम्ही मला एकदा रागावला होतात. पहिल्याच दुकानात मी शेवेची बर्फी तोंडात टाकली आणि म्हटलं, छान आहे, इथूनच घेऊ. दुकानदार खूश होऊन वजनकाट्याकडे वळला, तेवढ्यात तुम्ही त्याच्यासमोरच मला म्हणालात, "चार दुकानं चाखल्याशिवाय छान म्हणायचं नाही." मी गाल फुगवले आणि पुढच्या तिन्ही दुकानांत तोंड उघडलं नाही. तुम्ही समजूत घातलीत का? छे. माझ्या वाटणीचं पण तुम्हीच खाल्लंत. पुढे मी पहिलंच स्थळ पाहिलं आणि हो म्हटलं, तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, पहिलंच? मला वाटतं तुमच्या डोक्यात तेव्हा शेवेची बर्फीच होती.

घीयर आपल्या घरात आलं ते माझ्या लग्नानंतर. तुमच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारे एक सिंधी गृहस्थ दर होळीच्या आधी अर्धी सुट्टी टाकून कल्याणला लेकीकडे जायचे. का, म्हणून तुम्ही एकदा विचारलंत. होळीला लग्न झालेल्या लेकीकडे माहेरून घीयर जातं, असं त्यांनी सांगितलं. तुम्हाला ही रीत इतकी आवडली की माझ्या पहिल्या होळीला तुम्ही डबा घेऊन थेट बदलापुरात, मांजर्लीच्या आमच्या घरी हजर. सासूबाईंचं पुरण शिजत होतं. तुम्ही डबा उघडलात, तर आत बशीएवढाली केशरी घीयरं, जिलबीची थोरली बहीणच जशी. सासूबाईंनी आत नेऊन कडेचा तुकडा चाखला आणि मला हळूच म्हणाल्या, "अगं, जिलबी आंबलीय. उन्हातून आणली ना त्यांनी." घीयराला तो आंबटपणा हवाच असतो, हे त्या माउलीला काय माहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. व्याह्यांना लाज वाटू नये म्हणून त्यांनी गुपचूप साखरेचा पाक केला, वेलची घातली, त्यात घीयरं बुडवली आणि पुरणपोळीच्या शेजारी तुमच्याच ताटात वाढली. तुम्ही पहिला घास घेतलात आणि तुमची भुवई वर गेली. मग म्हणालात, विहीणबाई, उत्तम झालंय. निघताना दाराशी मला मात्र बजावलंत, घीयर आंबटच असतं, पण त्यांना हे कधी सांगायचं नाही.

मी सांगितलं नाही. पुढच्या होळीला सासूबाईंनी तुम्ही यायच्या आधीच पाक करून ठेवला होता. बिचाऱ्यांची जिलबी दर वर्षी आंबते, पण माणूस प्रेमाने आणतो, असं त्या शेजारणीला सांगत. तेव्हापासून आमच्याकडे घीयर पाकात बुडवूनच खातात. जगात दुसरीकडे कुठे तसं खात नसतील.

मग तुम्हाला साखर निघाली आणि आईने तुमच्या चहाचासुद्धा पहारा सुरू केला. पण लेकीच्या डब्याला ती नाही म्हणू शकली नाही. तुम्ही निघालात की तिचा मला फोन, पोचले की बघ, काही खाऊन आलेत का. मी डबा उघडायची. त्यातलं एक घीयर हमखास मोडकं असायचं, त्याचा मोठा तुकडा गायब. तुम्ही शांतपणे म्हणायचात, "रिक्षात मोडलं." आमच्याकडचे तेव्हाचे रस्ते असे होते की मला ते खरं वाटायचं. मी आईला सांगायची, नाही गं, काही खाल्लेलं दिसत नाही.

तुम्ही गेलात त्यानंतरच्या होळीला डबा आला नाही. येणार नाही हे माहीत होतं, तरी मी सकाळपासून दाराकडे बघत होते. हे म्हणाले, मी आणतो जाऊन, त्यात काय. मी नको म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन खूप रडले. घीयर आपण विकत आणून खायचं नसतं बाबा, ते यायचं असतं. उल्हासनगर इतकं जवळ, दर होळीला तिथली दुकानं घीयरांनी भरलेली, पण तुमच्यानंतर मी एक तुकडाही तोंडात घातला नाही. आई गेल्यावर तुमचा डबा माझ्याकडे आला, झाकणावर लाल रंगाने लिहिलेल्या तुमच्या कारखान्यातल्या नंबरासकट. त्यात मी डाळ ठेवत होते.

या थंडीत तुमच्या नातीचं लग्न झालं. अंबरनाथलाच असते, आपल्या जुन्या घरापासून फार लांब नाही. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "आई, माझी पहिली होळी आहे हां. आजोबांवालंच घीयर पाहिजे, त्याच दुकानाचं. ऑनलाइनवालं नको, वो मजा नहीं है." मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ते दुकान कुठलं हे मला ठाऊकच नाही. तुम्ही डब्यातून आणायचात, खोक्यावर नाव असायचा प्रश्नच नव्हता. रात्रभर तोच घोर. पोरीने आयुष्यात पहिल्यांदा माहेरचं म्हणून काही मागितलं होतं, आणि ते मला देता आलं नाही तर तुमचा डबा माझ्यापाशीच संपणार होता.

म्हणून आज डाळ बरणीत ओतली, डबा घासला आणि गेले. रस्ते ओळखू येत नाहीत इतके बदललेत, पण तळणीचा वास तोच आहे. मी वासामागे गेले. पहिल्या दुकानातला मुलगा मला आंटी म्हणाला आणि चाखायला तुकडा दिला. छान होता. मी छान म्हटलं नाही. दुसऱ्या दुकानात गल्ल्यावर एक म्हातारी सिंधी बाई बसली होती. मी डबा काउंटरवर ठेवला तशी तिने चष्मा वर केला आणि झाकणावरचा नंबर बोटाने चाचपून बघितला. "ये डिब्बा तो फॅक्टरीवाले साब का है," ती म्हणाली. मला केवढा आनंद झाला. मी विचारलं, बाबा तुमच्याकडूनच न्यायचे का? तर ती हसायलाच लागली. म्हणाली, हर साल आते थे, खाते थे, तारीफ करते थे, और लेते थे सामनेवाले से.

मी सामनेवाल्याकडे गेले. तिथले काका म्हणाले, आमच्याकडून दोनेकदा घेतलं असेल, एकदा तर खटास कम है म्हणून सरळ पुढे निघून गेले. पुढच्याकडे गेले, तिथेही तेच. मग मला उलगडा झाला बाबा. तुमचं दुकान असं नव्हतंच! दर वर्षी तुम्ही अख्खी गल्ली चाखायचात आणि त्या वर्षी ज्याचं जमलं असेल त्याचं आणायचात. क्षणभर मी हिरमुसले, लेकीला आता काय सांगू म्हणून, आणि मग मला हसू फुटलं. साखर झालेला माणूस आईला लेकीचं नाव सांगून सहा सहा दुकानांत घीयर चाखतोय.

मग मीही तेच केलं. पदर खोचला, पुढे वाकले आणि उभ्या उभ्या एकेक दुकान चाखत गेले. एकाचं फार गोड, एकाचं मऊ पडलेलं. गल्लीच्या टोकाला एका अगदी लहान दुकानात कढईतून नुकतंच निघालेलं घीयर मिळालं. कडेला कुरकुरीत, मध्ये रसाळ, आणि गोड ओसरल्यावर जिभेच्या मागे तो आंबटपणा. तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, छान आहे. दुकानदाराने विचारलं, बेटी को भेजना है? पहली होली? मी हो म्हटल्यावर त्याने वजन झाल्यावर एक घीयर वरून ठेवलं.

परत येताना म्हाताऱ्या बाईने हाक मारली. कुठून घेतलं ते विचारलं आणि पाणी आणि भाजलेला पापड पुढे केला. मी उभ्यानेच पाणी प्यायला लागले तर म्हणाली, "बैठो ना. साब भी इधरीच बैठते थे, मेरी सीढ़ी पे. डिब्बा खोलके एक टुकड़ा खाते थे, और बोलते थे, भाभी, घर पे मत बोलना." आयुष्यभर उभ्याने खाणारे तुम्ही त्या एका तुकड्यासाठी खाली बसायचात. मी बसले. दगड उन्हाने तापलेला होता, समोरून रिक्षा चालल्या होत्या, आणि किती वर्षांनी मला तुमच्या अगदी शेजारी बसल्यासारखं वाटलं. खूप खूप बरं वाटलं, बाबा.

तिथून रिक्षा करून अंबरनाथला गेले. लेकीने पाक तयारच ठेवला होता आणि तिच्या सासूबाई बिचाऱ्या, जिलबीला परत पाक कशाला, म्हणून बुचकळ्यात पडल्या होत्या. लेकीने झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाली, "आई, हेच गं, आजोबांवालं." मग आत नीट बघून म्हणाली, एक मोडलंय, आणि अर्धं दिसत नाही.

"रिक्षात मोडलं," मी म्हटलं.

ती पाकात घीयर बुडवायला लागली. विहीणबाईंनीही मान हलवली, रस्तेच तसे आहेत म्हणाल्या.

आता रात्र झाली आहे. डबा लेकीकडेच ठेवून आले, तिला कधीतरी लागेल. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, ते माझ्या उशाशी राहील. तिकडे आई जवळपास असली तर हे तिला वाचून दाखवू नका, तुम्ही पकडले जाल. तुम्हाला एकट्याला म्हणून सांगते. रिक्षात काही मोडलं नव्हतं. मी खाल्लं.