लिपेन्गा डॉट जोबर्ग

जोहान्सबर्ग, ३ मे २०१५

ती. एनलेसताईस,
धाकट्या लास्टनचा सा. न., आणि वर एक उडी, कारण नुसत्या नमस्कारानं भागेल असा आजचा दिवस नाही!

पत्र गावाकडे बस नेणाऱ्या फ्रॅक्सन ड्रायव्हरच्या हाती देतोय. त्याच्या बसमध्ये आपल्या सलिम्याच्या चार बायका आहेत, म्हणजे पत्र पोचेपर्यंत कुणी उघडलं नाही तर नवल.

ताई, इथे नावांचा नुसता बाजार भरलाय. आजवर इंटरनेटवर दुकानाचा पत्ता घ्यायचा तर शेवटी डॉट कॉम, नाहीतर देशाची अक्षरं. त्यातली बरी नावं मोठ्यांनी केव्हाच बळकावलेली. आता जगभर शेकडो नवी शेपटं निघालीत. लग्नाचं वेगळं, जेवणाचं वेगळं, आणि आमच्या शहराचं स्वतःचं, डॉट जोबर्ग. जो आधी मागेल त्याचं!

सगळ्यात चंगळ आमची, पाट्या रंगवणाऱ्यांची. न्हावी येतो, चपलावाला येतो, म्हणतो जुन्याच पाटीला शेपूट लाव. पावात बटाटे भरून विकणारी माखुमालो तर म्हणाली, डॉट माझ्या पावाएवढा काढ, लांबून दिसला पाहिजे. आमचे मालक मोकोएना म्हणतात, हा पोरगा शाळा चौथीत सोडून आला, पण डॉट काढतो प्रोफेसरासारखा. गंमत म्हणजे निम्म्यांनी पत्ता घेतलेलाच नाही. त्यांना वाटतं भिंतीवर रंगवला की आपला झाला!

आता खरी गोष्ट. मंगळवारी एक जाडा माणूस आला, लग्नाचे मंडप नि खुर्च्या भाड्यानं देणारा. म्हणाला, लिहा, लिपेन्गा डॉट जोबर्ग. आपल्या मामाचंच नाव ऐकून माझा ब्रश हातातच राहिला. म्हटलं, तुम्ही कुठले लिपेन्गा? तर न्चेऊकडचे, आपल्या मामाशी काही संबंध नाही. पत्ता घेतलाय का विचारलं, तर हसला आणि म्हणाला, आधी रंगव तर खरं.

मामाला जाऊन वर्ष झालं नाही आणि त्याचं नाव मंडपावर? मी त्याला शनिवारचा वायदा दिला, जेवणाच्या सुटीत कॉम्प्युटरच्या दुकानात पळालो आणि पत्ता आपल्या नावावर करून टाकला. फॉर्ममध्ये मालकाचं नाव विचारत होते, तिथेही लिपेन्गाच लिहिलं, उगाच वाद नको. आता जगात कुठूनही बघा, लिपेन्गा आपल्या घरी आहे! नाच तू!

माझ्यावर जीव आहे तसाच ठेव, वाढवलास तरी चालेल.
तुझा लास्टन


सलिमा, २४ मे २०१५

चि. लास्टनला अ. आ., आणि एक धपाटा, तोही अनेक.

अरे गाढवा, नाचू कशी? मालक म्हणून लिपेन्गा लिहिलंस? बिअर उकळली नाही, घराणं जमलं नाही, आणि तू मेलेल्या मामाचं नाव आपणच अंगावर चढवलंस? ते नाव ज्याला मिळेल तो आपला मामा होतो, सगळ्या बहिणींचा राखणदार होतो. ते मागून घेतलेलं आजवर कुणी ऐकलंय का? ते देतात, आपण डोकं खाली घालून बसायचं असतं.

मी पत्र पिठाच्या डब्यात लपवलं होतं. पण फ्रॅक्सननं विहिरीवर गाडी धुता धुता बायकांना त्या पत्त्याचा मालक फोनवर शोधून दाखवला, हे बघा, मालक लिपेन्गा, तुमचा लास्टन तिकडे मामा झाला! संध्याकाळपर्यंत मोठ्या मावशीकडे बातमी. तिसाउके मावशीला तू ओळखतोस. आधी हातातलं मुसळ खाली ठेवलं. मग म्हणाली, ज्यानं नाव चोरलं त्याला घराण्याच्या चटईवर जागा नाही. ना लग्नात, ना मयताला.

मामाचं नाव कुणाला द्यायचं, त्याची बैठक पाच जुलैला आहे. तोवर ते नाव पुसून टाक. मी तुझ्यासाठी मावशीच्या घरची भांडी घासतेय, हे लक्षात असू दे. राग आहे, माया त्याच्याखालीच आहे.
तुझी ताई


जोहान्सबर्ग, ७ जून २०१५

ती. ताईस,
कान धरून, उठाबशा काढून लास्टनचा सा. न.

पुसायला गेलो होतो गं. दुकानातल्या मुलीनं सांगितलं, पत्ता दुसऱ्याला देता येतो, पण बिनमालकाचा ठेवता येत नाही. सोडला की जो टपलेला असेल तो उचलणार. आणि टपलाय कोण? तो मंडपवाला! त्याला आता कळलंय. रोज येतो, बाकावर बसून माझी पाटी वाळताना बघतो आणि विचारतो, माझं नाव तुझ्याकडे काय करतंय? मी म्हणतो, आराम करतंय. मोकोएना हसून हसून शिडीवरून पडायचे राहिले.

म्हणजे ठेवलं तर मी चोर, सोडलं तर मामाच्या नावानं खुर्च्या भाड्यानं जाणार. सांग, काय करू?

खरं लिहितो, मला मामा व्हायचंच नाही. मला दोन कोंबड्यांचं भांडण मिटवता येत नाही, बहिणींचं काय मिटवणार? पण शाळेतून मला हाकललं तेव्हा मामा नऊ मैल सायकल मारत आला होता. मास्तरशी एक शब्द भांडला नाही. मला सायकलच्या दांड्यावर बसवलं, आणि वाटेत मासे घेतले. त्या माणसाचं नाव रस्त्यात पडलेलं बघवेना, एवढंच झालं.

मावशीला सांग, बैठक ज्याला देईल त्याला मी पत्ता त्याच दिवशी सोपवतो. दंड म्हणून कोंबडी सांगा, बकरी सांगा. फक्त चटईवरून उठवू नका. इथे मी कितीही पाट्या रंगवल्या तरी बसायला माझी जागा तीच आहे.

उरलेला लोभ जपून वापर, पुढेही लागणार आहे.
तुझा लास्टन


सलिमा, ६ जुलै २०१५

चि. लास्टनला अ. आ.

काल बैठक झाली. माझा घसा बसलाय म्हणून सगळं लिहूनच सांगते.

आधी तुझ्यावरच जुंपली. आपल्या मावसभावांचं म्हणणं, नाव त्याच्याकडे गेलंच आहे तर त्यालाच द्या, पत्ता बदलायचा खर्च वाचेल. मावशी म्हणाली, म्हणजे मागच्या दारानं आलेल्याला मधोमध बसवायचं? दुसरे म्हणाले, त्या भावांतल्या थोरल्या मॅकफर्सनला द्या. त्यावर त्याच्याच बायकोनं सांगितलं, ह्याला स्वतःचा टॉवेल सापडत नाही, तुमच्या बहिणी काय सांभाळणार. सगळे इतके हसले की बिअर सांडली.

मग मावशीनं तुझं पत्र मागितलं. मी वाचून दाखवलं. नऊ मैलांपाशी आल्यावर मी कागद मॅकफर्सनकडे दिला, पुढचं त्यानं वाचलं. शेवटी मावशीनं विचारलं, तो गेल्यापासून ह्या घरातली भांडणं कुणी मिटवली? मुलांच्या फियांसाठी बायका कुणासमोर रडल्या? ह्या पोरालाही कान धरायला कोण लागलं?

मी तोवर चुलीपाशी जाऊन मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळत होते. मागे वळून बघितलं तर सगळे माझ्याकडे बघताहेत. पळणार होते, पण हातात पळी, पायाशी चूल! ओढत नेऊन चटईवर बसवलं, मामाचं नाव मला दिलं, डोक्यावर पांढरं पीठ टाकलं, आणि बायकांनी असा किलकिलाट केला की तळ्यापलीकडे गेला असेल. मावसभाऊ रांगेनं आले, गुडघे टेकून मला मामा म्हणाले. मॅकफर्सन तर दोनदा म्हणाला, बायको बघत होती.

म्हणजे लास्टन, बाई असले तरी आता मी तुझा मामा आहे. तेव्हा नीट ऐक. तो पत्ता आजच्या आज माझ्याकडे सोपव. मालकाच्या जागी लिपेन्गा लिहिलेलं आहेच, ते पुसू नकोस, ते आता खरं झालं. मंडपवाल्याला सांग, नाव आराम करून उठलंय, काही काम असेल तर सलिम्याला येऊन बोल.

तुझ्या चटईबद्दल मावशीनं काल पुन्हा विचारलं. मी तिला सांगितलं की भाच्यानं कुठे बसायचं हे त्याचा मामा ठरवतो. ती पदराआड हसली.

ऑगस्टात ये. बसमधून उतरलास की थेट चटईवर, माझ्या उजव्या हाताला.

माया होती तशीच आहे, फक्त आता हुकूमही करते.
तुझा मामा,
लिपेन्गा