बर्फाखाली चालणारा रेग्युलेटर

१२ एप्रिल, शनिवार. नुंग्वी, झांझिबार.
एप्रिल-मेच्या पावसाळी सुट्टीआधीची शेवटची फेरी. म्नेम्बाच्या प्रवाळावर सहा पाहुणे घेऊन उतरलो. एकतिसाव्या मिनिटाला माझी हवा संपत आली, म्हणून सगळ्यांना वर आणावं लागलं. त्यांच्या टाक्यांत अजून अर्धी हवा. बोटीवर एक म्हातारी बाई म्हणाली, आत्ता कुठे कासव जवळ आलं होतं. नेमकं हे शेख नासोर यांनी ऐकलं. बोट त्यांची, दुकान त्यांचं, टाक्या त्यांच्या. म्हणाले, माकामे, एक जुलैला सीझन सुरू. जो पन्नास मिनिटं खाली राहील तो मुख्य गाईड. तुला जमत नसेल तर किनाऱ्यावर बसून टाक्या भर.

एकोणीस वर्षं मी पाण्यात आहे आणि मी टाक्या भरू. राग आला. भीतीही वाटली, ती फक्त इथे लिहितो.

दोष कुणाचा ते उघड आहे. रेग्युलेटरचा. टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र, नऊ वर्षांचं म्हातारं. हवा ओढून ओढून घ्यावी लागते, म्हणून जास्त संपते. साधं गणित आहे.

१५ एप्रिल, मंगळवार.
निर्णय झाला. नवा रेग्युलेटर. स्वस्तातला नको, चैनीचा नको. पैसा वसूल झाला पाहिजे. घाई करायची नाही, अभ्यास करायचा.
शिवाय आजपासून सिगारेट दिवसाला चारच. रेग्युलेटरशी संबंध नाही, उगाच आपलं.

१६ एप्रिल.
सात झाल्या. अभ्यासाचा ताण.

२१ एप्रिल, सोमवार.
पिस्टनवाला घ्यावा की पडद्याचा? सहा दिवस हाच विचार. झुवेनाला समजावून सांगितलं. ती रोज कमरेएवढ्या पाण्यात स्पंजाची शेती करते. बुडी मारून दोऱ्या साफ करते, टाकी नाही, काही नाही. म्हणाली, रायाच्या बाबा, मी नुसता श्वास धरून काम उरकते, आणि तुम्हाला पाठीवर अख्खी टाकी पुरत नाही होय? बायकोशी तांत्रिक विषय बोलू नये हेच खरं.

२४ एप्रिल, गुरुवार.
फुंडी सिलिमाकडे गेलो. या किनाऱ्यावर रेग्युलेटर उघडून परत नीट जोडणारा मिस्त्री हा एकटाच. जुना रेग्युलेटर त्याच्यापुढे ठेवून म्हटलं, याचं आयुष्य संपलंय असं एकदा तोंडाने सांग. त्याने उघडला, फुंकला, काटा लावून पाहिला. म्हणे ठणठणीत आहे. माझ्याकडे बघून म्हणाला, बुडायला कमरेला शिसं किती बांधतोस? दहा किलो, मी म्हटलं. सहा कर, म्हणाला. पाण्यात हात हलवू नकोस, तू खाली पोहत नाहीस, भांडतोस. आणि सिगारेट सोड.
यंत्र दाखवायला नेलं आणि पथ्य मला सांगितलं. नव्या वस्तूंचं ज्ञान नसलं की माणूस असं काहीतरी बोलतो.

९ मे, शुक्रवार.
नमाजानंतर नशीब उघडलं. एक नॉर्वेचा माणूस कायमचा घरी चाललाय, सामान विकतोय. त्याचा रेग्युलेटर पाहिला. चकचकीत, जड, बाजूला हवा कमीजास्त करायची चकती. म्हणाला, गोठलेल्या तलावात बर्फाखाली वापरलाय, एकदाही अडकला नाही. बर्फाखाली! आमच्याकडे पाणी चहाएवढं कोमट, म्हणजे इथे तो किती आरामात चालेल. दुकानातल्या किमतीच्या निम्म्यात देतोय. यालाच म्हणतात पैसा वसूल.

१० मे.
व्हेस्पा विकली. मासळीवाल्या हमादीने घेतली. झुवेना अजून रागात आहे. बाजारात ती माझ्या मागे बसून जायची. पण मुख्य गाईडचा पगार सुरू झाला की व्हेस्पा काय, दोन घेऊ. तोवर किनाऱ्यापर्यंत चालत जायचं. दोन किलोमीटर, छातीलाही चांगलं.

११ मे.
चाललो. वाटेत तीनदा बसलो. हमादी व्हेस्पावरून गेला, हँडलला ऑक्टोपस लटकवलेले. हात केला त्याने. मी बघितलं नाही.

१३ मे, मंगळवार.
जुना रेग्युलेटर फाकीला देऊन टाकला. फाकी म्हणजे झुवेनाचा धाकटा भाऊ, पाण्यात उतरायला मीच शिकवलं त्याला. आता तोही गाईड आहे, आणि शेख नासोर माझ्या जागेसाठी त्याच्याकडेही बघतायत हे मला माहीत आहे. तरी मन मोठं ठेवलं. म्हटलं, घे, तुला पुरेल हा. तो म्हणाला, दाजी, तोंडात धरायच्या रबरावर तुमच्या दातांचे खड्डे पडलेत, ते तरी बदलून द्या. मेहुण्याला फुकट दिलं तरी वर रबर हवंच.

२० मे, मंगळवार.
अपशकुन. नवा रेग्युलेटर टाकीवर बसेना. तो आट्यांचा, फिरवून आत बसतो. आमच्या टाक्यांना वरून शिकंजा आवळायचा असतो. अख्ख्या झांझिबारात शिकंजाच चालतो हे मला एकोणीस वर्षं माहीत आहे. खरेदीच्या वेळी तेवढंच सुचलं नाही, कारण मी बर्फाचा विचार करत होतो. फाकी म्हणाला, दाजी, बर्फ मागवू का, मग बसेल. सगळी बोट हसली. मीही हसलो, पण मनातून नाही.

३ जून, मंगळवार.
जोडतुकडा शेवटी शहरातून आला. दोनदा डालाडालाच्या खच्चून भरलेल्या गाडीने हेलपाटे, एकदा दुकान बंद. तुकड्यामुळे यंत्र मानेमागे बोटभर पुढे येतं आणि डोक्याला लागतं. डोकं पुढे ठेवायची सवय करतोय.

१४ जून, शनिवार.
नव्या रेग्युलेटरने पहिली बुडी. काय सांगू. हवा मागावीच लागत नाही, आपणहून येते. चकती पूर्ण उघडी ठेवली, पैसे दिलेत तर पुरेपूर घ्यावं. तोंडातून काढला की भसाभसा हवा सोडत बसतो, असा दिलदार.
अठ्ठाविसाव्या मिनिटाला वर. आज प्रवाह होता.

१९ जून, गुरुवार.
सव्वीस मिनिटं. मुखवट्यात पाणी शिरत होतं.

२३ जून, सोमवार.
पंचवीस. सकाळी तळलेल्या मंदाझी जास्त खाल्ल्या. यंत्र नवं आहे, त्याला माझी सवय व्हायला वेळ लागणार. सिलिमा भेटला. म्हणाला, नळ मोठा केलास, तहान तीच आहे. वय झालंय त्याचं. शिसं मात्र नऊ किलो केलं. त्याच्या सांगण्यावरून नाही, पट्टा काचत होता.

२७ जून, शुक्रवार.
उद्या परीक्षा. मी आणि फाकी, एकच बोट, एकच जागा, शेख नासोर घड्याळ घेऊन वर बसणार. आज सिगारेट बंद म्हणजे बंद.
झुवेनाने बसवून घेतलं. म्हणाली, नाही जमलं तर नाही जमलं, पण खाली हट्ट करू नका, रायाला बाप एकच आहे. म्हटलं, बर्फाखाली चालतो तो. ती म्हणाली, मी यंत्राबद्दल बोलतच नाहीये.
झोपेपर्यंत दोनच ओढल्या.

२८ जून, शनिवार.
जे झालं ते लिहितो.
अठरा मीटरवर उतरलो. भरलेली टाकी दोनशे दाखवते, विसाव्या मिनिटाला माझा हवेचा काटा शंभरावर होता. फाकीने खूण करून विचारलं, किती? मी एकशे चाळीस दाखवले. आयुष्यात पाण्याखाली कधी खोटं बोललो नव्हतो. बोललेल्याला मी बोटीवरून हाकललंय. तिसाव्या मिनिटाला पन्नास. नियम असा की पन्नासाला वर निघायचं. मी काटा तळहातात झाकला आणि कासव बघितल्यासारखं केलं. मनात एकच, अजून वीस मिनिटं, नाहीतर जन्मभर टाक्या.
मग दिलदार यंत्राने देणं थांबवलं. ओढली, अर्धी आली. पुन्हा ओढली, आलीच नाही.
फाकी हातभर अंतरावर होता. तो मघापासून माझ्या हातापेक्षा माझ्या बुडबुड्यांकडे बघत होता हे आता कळतंय. त्याने स्वतःच्या तोंडातला काढून माझ्या तोंडात दिला आणि आपण त्याच टाकीला लटकणारा जादाचा रेग्युलेटर घेतला. हे मीच शिकवलेलं. घाबरलेल्याला तोंडातलाच द्यायचा, तो चालतोय याची खात्री असते.
दात बरोबर खड्ड्यांत बसले. रबर त्याने बदललंच नव्हतं.
त्याने माझा पट्टा धरला, मी त्याचा. वर येताना नियमाप्रमाणे पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो, समोरासमोर, एका टाकीवर दोघं. वर आलो तेव्हा त्याच्या टाकीत दोघांना पुरून सत्तर उरले होते.
शेख नासोर यांनी घड्याळ खिशात ठेवलं. लाज वाटली, लेकराएवढ्या पोराच्या हवेवर वर आलो याची नाही, त्याला खोटा आकडा दाखवला याची.
घरी झुवेनाला सगळं सांगितलं. ती माझा हात धरून बसली. मग म्हणाली, जेवून घ्या.

५ जुलै, शनिवार.
टाक्या भरण्याच्या कामाचा पाचवा दिवस. कॉम्प्रेसर सावलीत आहे, एवढं बरं. पाहुणे येतात, फाकी त्यांना घेऊन उतरतो, बावन्न मिनिटांनी येतो. नॉर्वेचा रेग्युलेटर विकायला काढलाय, घ्यायला अजून कुणी आलं नाही. सगळे विचारतात, इथे बर्फ कुठे आहे.
संध्याकाळी फाकी रिकामी टाकी ठेवायला आला. रिकामी कसली, अर्धी भरलेलीच. म्हणाला, दाजी, त्या दिवशी घाईत विचारायचं राहिलं, जुना रेग्युलेटर थोडा जड जातो का हो? सिलिमाला दाखवू?
टाकीचा नळ घट्ट केला. मग म्हटलं, नाही रे. छान चालतो.