चला म्हणायचं राहिलं

बरकतपुरा, हैदराबाद
१७ नोव्हेंबर

चि. शिवराज आणि चि. सौ. चारुलता यांना भागूमावशीचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही दिल्लीला सुखरूप पोचलात हे कळलं. माझंही बरं चाललं आहे. गुडघे आपल्या जागी, ब्लडप्रेशर आपल्या जागी. आमचा बबलू दर रविवारी आईला भेटायला सिकंदराबादहून येतो म्हणतो आणि त्याचा रविवार काही उजाडत नाही. शिवराज, तुझा चार्जर इथे राहिला होता, तो कुरियरने पाठवला आहे. दुसरं जे राहिलं आहे ते कुरियरने पाठवता येत नाही, म्हणून हे पत्र.

फोन सोडून मावशी पत्र का लिहीत बसली, असं चारुलता विचारेल. तिला मराठी वाचायचा कंटाळा, तेव्हा तूच वाचून दाखव. फोनवर बोललं की घरात ऐकू जातं. लिहिलेलं तुझ्या आईला, आमच्या अक्काला, कळत नाही. माहेरी भालकीला असताना माझ्या वाटचं शेतातलं काम तिने उपसलं म्हणून मी शाळेत गेले, आणि ती सहीपुरतीही शिकली नाही.

आता तू म्हणशील, आई जाऊन दोन महिने झाले, मावशी काय लिहिते आहे. माहीत आहे रे मला. आधी सगळं वाच.

तुम्ही आलात तेव्हा म्हणालात, नवी गाडी घेतली, दिल्लीपासून रामेश्वरपर्यंत फिरून येतो. मला जरा रागच आला होता. आई जाऊन पुरते दोन महिने नाहीत आणि यांना भटकंती सुचते. पण भाकरी थापताना राग टिकत नाही. तुम्ही इतके दमला होतात की ताटावरच पेंगत होतात. बाहेरच्या खोलीतल्या बाजेवर तुम्हाला झोपवलं. ती बाज मी अक्कासाठी घेतली होती. "येईन गं भागू, शिवराजची परीक्षा होऊ दे," म्हणायची. मग त्याचं लग्न होऊ दे, मग गुडघा बरा होऊ दे. तिचं येणं झालंच नाही. त्या बाजेखाली तुम्ही एक पिशवी सरकवलीत, मला वाटलं दागिने असतील.

सकाळी मी दारात वाटी घेऊन उभी राहिले, दोघांच्या हातावर दही घातलं, तुम्ही पाया पडलात आणि निघालात.

त्याच दुपारपासून दारातल्या माझ्या चपलांची तोंडं रस्त्याकडे झालेली दिसू लागली. मी सरळ करायची, चहा पिऊन आले की पुन्हा तशाच. अक्काची ती सवय तुला आठवत असेल. कुणाकडेही गेली की आधी चपला फिरवून ठेवायची, निघताना खोळंबा नको. पाहुणीचं अर्धं मन चपलेत, असं आम्ही चिडवायचो. मग बाज करकरू लागली, एका माणसाच्या वजनाने करकरते तशी.

आणि रामेश्वरहून तुमचा फोन आला. थोड्या अस्थी मागे ठेवल्या होत्या, त्या समुद्रात सोडल्या म्हणालात. आधी सांगितलं असतं तर मी त्या घरात येऊ दिल्या नसत्या, बाहेर झाडाला टांगायला लावल्या असत्या, हे खरं आहे. गाडीत ठेवायची तुम्हाला भीती वाटली, म्हणून ती पिशवी बाजेखाली आली, हेही मला समजतं. मग चारुलताने सांगितलं, की नर्मदा आली, गोदावरी आली, मुक्काम सुटला, की दर वेळी ती "आई, चला" म्हणत होती. नाहीतर गेलेलं माणूस वाटेत राहतं, असं गुरुजींनी बजावलं होतं.

मी विचारलं, आणि माझ्या घरातून निघताना?

मग तू म्हणालास, "मावशी, तू दही घेऊन समोर उभी होतीस. कसं म्हणणार?"

तेव्हाच मी तुम्हाला परत बोलवायला हवं होतं. तुम्ही गोव्यावरून परतणार म्हणालात आणि मी बरं म्हणाले. खरं सांगते, मला आनंद झाला होता. अक्का एकदाची राहायला आली होती. मी दोन कप चहा करू लागले. चिक्कडपल्लीहून ज्वारीचं ताजं पीठ आणलं, तिला आवडते तशी पातळ भाकरी थापू लागले. दुपारी बाजेशी बसून तिला गल्लीतल्या उखाळ्यापाखाळ्या सांगितल्या. किती दिवसांनी घरात कुणीतरी होतं.

परवा भांडी घासणारी यादम्मा दारातच थबकली. म्हणाली, "अम्मा, वो बड्डी अम्मा कब जाते? मैं झाडू मारे तो बच्चे आए क्या, बच्चे आए क्या, एकिच बात पूछते." मी तिला काही सांगितलं नव्हतं. अक्काचा फोटोसुद्धा माझ्या घरात नाही. यादम्माने अक्काच्या हनुवटीवरचं गोंदणही सांगितलं. आज ती कामाला आली नाही.

परवाच्याच संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मी बाहेरच्या खोलीत गेले. अक्का दाराशी बसली होती, डोक्यावर पदर, तोंड रस्त्याकडे. गल्लीत गाडी थांबली की अर्धी उठायची, गाडी पुढे गेली की पुन्हा बसायची. मी हाक मारली. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि मला ओळखलं नाही.

शिवराज, ती माझ्याकडे आलेलीच नव्हती रे. ती तुमच्यामागे निघाली होती. मला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. "अक्का, चल" असं मी म्हणूनही पाहिलं. माझ्या शब्दाला ती उठत नाही. ज्यांनी आणली त्यांनाच न्यावी लागणार.

हे लिहिताना कागदावर सावली पडली आहे. तिने विचारलंच तर किराण्याची यादी म्हणून सांगेन.

तेव्हा या, लवकर या. मी दही घेऊन पुढे येणार नाही. चारुलता, वाटभर तूच हाक मारत होतीस, आताही तूच उंबऱ्यात उभी राहून मोठ्याने मार. पण "आई, चला" असंच म्हण, नुसतं चला म्हणू नकोस. परवापासून संध्याकाळी मीही तिच्याशेजारी दाराशी बसते, आणि काल माझ्या चपला मी माझ्याच हाताने फिरवून ठेवल्या. नुसतं चला म्हणालीस तर मीही उठेन.

तुमची वाट बघणाऱ्या दोघींपैकी लिहिता येणारी,
भागूमावशी