ब्रेकचे तेल कुठे जाते

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, व्यवसाय गाड्यांच्या सीट शिवणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. उद्या सकाळी माझे पोटाचे ऑपरेशन आहे, म्हणून आज. दोन्ही साक्षीदार, ओळखीचे मेकॅनिक आणि शेजारच्या नर्सबाई, बाहेरच्या खोलीत चहा घेत आहेत.

कलम एक. राहते घर माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला, चिमणीला. ती सज्ञान होईपर्यंत भावजयीने सांभाळावे. भावाने नाही. तो मनाने सोने आहे, पण कुणी गोड बोलले की चाव्या काढून देईल.

कलम दोन. शिवणयंत्र माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईंना. सुई मोडली की त्या यंत्राला शिव्या देतात. यंत्राला सवय आहे.

कलम तीन. बँकेत जे उरेल ते भावजयीला. नणंदबाईंना त्यांच्या भावाचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोटो चौकटीसह. गाडीतला एक स्क्रूसुद्धा नाही. नवरा गेला त्याच आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या, "ते भंगार आता तरी विक." हे मी विसरलेले नाही, आणि माझ्यामागे इतरांनीही विसरू नये.

कलम चार. गाडी. नवऱ्याची लाल, दोन सीटची, जुनी स्पोर्ट्स कार. तो गेल्यावर मी आणि भाऊ मिळून तिची गळती शोधत आलो. थेंब पडतो तिथे गळती नसते. तेल वाऱ्याने मागे सरकते, उताराने खाली येते. म्हणून इंजिन धुऊन सुकवायचे, त्यावर टाल्कम पावडर मारायची, गाडी थोडी फिरवायची आणि ओल्या रेघेचे सर्वांत वरचे टोक शोधायचे. भाऊ म्हणायचा, "ताई, आंघोळ झाली, पावडर झाली, आता वेणी घाल हिची." तशाने इंजिन ऑइलची गळती वरच्या झाकणाच्या गॅस्केटला सापडली, पाण्याची पंपाला. राहिले ब्रेकचे तेल. त्याची पातळी खाली जात होती, आणि गाडीखाली पसरलेले पुठ्ठे मात्र कोरडे. मग चाकांजवळचे जोड घट्ट केले, तेव्हापासून पातळी हलली नाही. म्हणून इथे मी लिहिणार होते: गाडी भावाला, बिनशर्त.

इथे मला लिहिणे सोडून उठावे लागले. काय झाले ते नोंदवते, कारण त्यामुळे हे कलम बदलले.

या कलमात घालायला गाडीचा चासी नंबर उतरून घ्यायला मी मागच्या शेडमध्ये गेले. गाडी जागेवर नव्हती. फळीवर ब्रेक ऑइलचा नवा डबा होता. माझ्या समजुतीप्रमाणे न फोडलेला. सहज उचलला तर हाताला हलका लागला. तेवढ्यात फाटकाकडून इंजिनचा आवाज आला. फाटकाबाहेर उतार, आणि उताराच्या तळाला मोठा रस्ता. भाऊ स्टीअरिंगवर होता, शेजारी चिमणी.

"थांब!"

"अगं ताई, कोपऱ्यापर्यंतच. उद्या तुला हिच्यातूनच न्यायचंय ना, जरा गरम करून आणतो."

"आधी चिमणीला उतरव."

"आत्या, मी पट्टा लावलाय!"

"उतर म्हटलं ना!"

मी या घरात कधी ओरडत नाही. चिमणी उतरली. मी डबा भावापुढे धरला. "हे कोणी ओतलं?"

तो इकडेतिकडे बघू लागला. "मीच. रोज थोडं. पातळी खाली दिसली की तू जेवत नव्हतीस, ताई. म्हटलं, निदान ऑपरेशन होईपर्यंत…"

"आणि जातंय कुठे ते?"

"खाली एक थेंब नाही! पुठ्ठे बघ की."

"हँडब्रेक ओढ. आता ब्रेकचं पेडल दाब. दाबून धर."

त्याने दाबले. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. रंग उतरला तो मला दिसला.

"बसतंय गं," तो म्हणाला. "हळूहळू खाली बसतंय."

मेकॅनिक चहाचा कप घेऊनच बाहेर आले. वाकले, पेडलखालचा गालिचा उचकटला. तो माझ्या हातचा, दुहेरी फोमचा, खालून रबर लावून शिवलेला. फोम चिंब होता. खालच्या पत्र्याचा रंग सुरकुतून बोटाला निघून आला. तेल ब्रेकच्या पंपाच्या मागून पेडलच्या दांडीवरून आत, गाडीतच उतरत होते.

"दोघांनी मिळून लपवलंत की," मेकॅनिक म्हणाले. "यानं वरून ओतलं, तुम्ही खालून टिपलं."

भाऊ पायरीवर बसला. "बाबा, आता नाही जायचं?" चिमणी विचारत राहिली. त्याने तिला एवढे घट्ट धरले की ती चिडली.

तेव्हा कलम चार असे वाचावे. गाडी भावालाच, पण ब्रेकचा पंप बदलल्यावर. पायाखाली उघडा पत्रा ठेवावा, गालिचा नको. मेकॅनिक हो म्हणेपर्यंत चिमणीने तिच्यात बसू नये. आणि पातळी खाली गेलेली दिसली तर गुपचूप ओतू नये, सांगावे. मी नसेन तर भावजयीला सांगावे. ती रागावेल. रागावू द्यावे.

कलम पाच. उद्या मला टॅक्सीने न्यावे. भाऊ शेजारी बसेल. हे लिहीत असताना तो टेबलाशी आला आणि म्हणाला, "ताई, डॉक्टर खरंच काय म्हणाले?" आजवर मी त्याला किरकोळ आहे एवढेच सांगत होते. आता सांगितले की गाठ पसरलेली असू शकते, उघडल्याशिवाय कळणार नाही. तो पाणी आणतो म्हणून आत गेला. नळ बराच वेळ चालू होता. परत आला तेव्हा पेला रिकामाच होता. तो तसाच माझ्यापुढे ठेवून शेजारी बसला. अजून बसला आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, खोडाखोड नाही. भावाला यातून मिळणार असल्याने साक्षीदार म्हणून त्याची सही घेतलेली नाही.

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार पहिले: मेकॅनिक, हात धुऊन सही केली.
साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या नर्सबाई.
दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर.
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी.