उंदरांवर घातलेला आळ

१९ मे, पेठ

आई, तू गेल्यापासून नऊ वर्षांत तुला एक ओळही लिहिली नाही, माफ कर. डायरी रोज लिहिते, पण तुझ्यापाशी आले की पान उलटते.

एका जपानी कादंबरीचं भाषांतर आज दुपारी वाचून संपलं. त्यात आई गेल्यावर बाप आणि लेक दोघंच घरात उरतात. आईच्या स्वेटरला तिचा वास येतो म्हणून बाप तो तसाच खुंटीला ठेवतो, आणि लेक एकदा इतर कपड्यांबरोबर तो धुऊन टाकते. बरेच दिवस ती ते लपवते. मग एका रात्री जेवताना सांगते, "मीच धुतला." बाप आपल्या ताटातला मासा उचलून तिच्या ताटात ठेवतो. पुस्तक मिटून मी ओट्याशी नुसती उभी राहिले. इथं एकटीचंच ताट असतं.

आठवतं, आहुप्याच्या घरात तू चुलीपुढं बसली आहेस. मी सुट्टीत घरी आले आहे, आणि तू म्हणतेस, "बुकं लई वाचतीस. बियाची कणगी कंची, सांग बघू?" शेणानं लिंपलेल्या, भात साठवायच्या दोन्ही कणग्या मला सारख्याच दिसतात. मी चुकीची दाखवते. "आवं, आयकलं का? लेक कॉलेजात जाती, पर घरचं बी वळखंना!" बाबा हसून म्हणतात, "तुज्यावर गेलीया."

तुझ्या तेराव्याला तांदूळ कमी पडेल म्हणून मी धाकटी कणगी रिकामी केली आणि भात गिरणीवर धाडला. तुझ्या सासूपासून चालत आलेलं बियाणं पाव्हणे जेवून गेले. वास किती छान, म्हणाले. त्या वासानंच मला कळलं, कणगी चुकली.

पुढं पेरणीआधी वाफ्यात पालापाचोळा जाळून राब भाजून झाल्यावर बाबांनी कणगी उघडली, तळाशी हात फिरवला. मी म्हणाले, "उंदरांनी खाल्लं." ते तसेच वाकून म्हणाले, "झाकण माज्याच हातनं उघडं ऱ्हायलं आसंल. तिचं येवडं एक राखाया व्हतं, त्येबी झालं न्हाई."

आज सकाळी त्यांचा फोन आला. "राब भाजलाय. येताना दुकानातलं बी आन. कणगीवर पाटा ठिवतो, यंदाबी उंदीर न्हाई जायाचा." नऊ वर्षं ते पाटा ठेवताहेत, आई.

त्यांना आणखी दुःख नको म्हणून खोटं बोलले, असं मी तेव्हा डायरीत लिहिलं होतं. आज ते पान काढून वाचलं. ते खरं नाही. तू असतीस तर मला फाडून खाल्लं असतंस. बाबा एक शब्द बोलले नसते, आणि मला त्याचीच भीती वाटली.

हे पत्र कुठं टाकणार? तुला सांगणं सोपं होतं, म्हणून तुला लिहिलं.

उद्या: आहुप्याला जाणे. बाबा जेवायला बसले की सांगणे.