खमरिया टेरियर

३ एप्रिल २००५, रविवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. नोकरीचे अठ्ठावन्न दिवस उरले. एकतीस वर्षं खमरियाच्या फॅक्टरीत, आवक-जावक विभागात काढली, एक कागद हरवला नाही. (एक हरवला होता. तो मी हरवला नव्हता.)
संकल्प: पहाटे पाचला फिरणे. बिनसाखरेचा चहा. कॉम्प्युटर शिकणे.
रिटायर झाल्यावर नागपूरला जायचं, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. सुभेदारही येणार, हे मी गृहीत धरलं होतं. आमच्या सौ. विनताने आज नाही म्हणून सांगितलं. तिचं म्हणणं, तो आपला कुत्राच नाही. संध्याकाळी येतो, पोळी खातो, जातो. याला पाहुणा म्हणतात. मी म्हटलं, सुभेदार माझ्याशिवाय दोन दिवस जगणार नाही. तर म्हणते, सिद्ध करा, मग मी स्वतः त्याला मांडीवर घेऊन नागपूरपर्यंत बसेन.
शब्द दिलाय तिने. तारीख लिहून ठेवली.
आज उशिरा उठलो. संकल्प सकाळी नऊला केल्यामुळे पाचचं फिरणं उद्यापासून.

४ एप्रिल, सोमवार.
शहरात कमानिया गेटजवळच्या क्लासमध्ये नाव घातलं. बेसिक आयटी कन्सेप्ट्स, सहा आठवडे, संध्याकाळी सहा ते सात. गुणवंत सर शिकवतात. वय तेवीस. घरचे मराठी, पण मी मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देतात, आणि मला अंकल म्हणतात.
आजचा धडा: इनपुट, प्रोसेस, आउटपुट. हसू आलं. म्हणजे आवक, कार्यवाही, जावक. हे मी चौऱ्याहत्तरपासून करतो आहे. सरांना तसं सांगितलं. अच्छा अंकल, म्हणाले. प्रभावित झालेले दिसले.

७ एप्रिल.
प्रत्येकाने शिकलेले कन्सेप्ट्स वापरून एक गमतीदार वेबसाइट करायची आहे. बाकीच्यांचे विषय किरकोळ. लोणची, मेंदीच्या डिझाइन्स वगैरे. माझा: खमरिया इस्टेट, म्हणजे आमच्या फॅक्टरीच्या वसाहतीतले समस्त पाळीव प्राणी. फोटो, माहिती, आणि निष्ठेचे गुण, दहापैकी. सुभेदार पहिला येईल. विनता स्क्रीनवर वाचेल. छापलेल्या गोष्टीपुढे तिचं काही चालत नाही.
पहाटे पाच: पाऊस येईलसं वाटलं. आला नाही.

१० एप्रिल, रविवार.
विनताला समजावलं की सुभेदार हार्डवेअर आणि त्याची निष्ठा सॉफ्टवेअर. ती म्हणाली, आणि अंगणातलं आउटपुट रोज कोण झाडतं?
बायकांना टेक्निकल विषयात रस नसतो.

१४ एप्रिल.
डेटाबेस शिकलो. माणूस उगाच घाबरतो. रजिस्टर म्हणजे टेबल, ओळ म्हणजे रेकॉर्ड, रकाना म्हणजे फील्ड. फॉर्म तयार केला: प्राण्याचं नाव, मालक, क्वार्टर नंबर, रंग, ओळखीची खूण, जेवणाची वेळ, निष्ठा.
पहिलं रेकॉर्ड अर्थातच सुभेदार. रंग तपकिरी. डावा कान फाटका, शेपटीचं टोक पांढरं. जेवण संध्याकाळी पावणेआठ. दिवसभर हद्दीची गस्त घालतो, म्हणून घरी नसतो. निष्ठा दहा. आमच्या लेकीने, शरयूने, पुण्याहून जुना कॉम्प्युटर पाठवला होता, त्याबरोबरच्या डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढला. सुभेदारने पोळी संपेपर्यंत सहकार्य केलं.

१७ एप्रिल, रविवार.
सर्वेक्षण सुरू. राधाबाईंकडे गेलो. एकट्याच असतात. त्यांचा मोती. सकाळी सव्वासहाला येतो, पहिल्या शिफ्टच्या भोंग्याआधी. मी गेलो तेव्हा नव्हता. वर्णन: तपकिरी, डावा कान फाटका, शेपटीला पांढरं टोक. योगायोग पाहा! माझाही तसाच म्हटलं. राधाबाई म्हणाल्या, असंल, पण माहा मोती दुसऱ्याच्या हातचं खात नाही, साहेब, भुका राहीन पण खानार नाही.
किती विश्वास. निष्ठेचे नऊ दिले. दहा देता आले नाहीत, कारण पहिला क्रमांक एकच असतो.

२० एप्रिल.
शालिग्रामकडचा राजा: दुपारी एक, लंच सुट्टीत. पुंडलिकरावांकडचा बुलेट: सकाळी दहा. पुंडलिकरावांची कायम नाइट शिफ्ट, झोपायच्या आधी त्याच्याबरोबर खातात. फॉर्म पाहून म्हणाले, काहून साहेब, आता कुत्र्याइचं बी राशन कार्ड बनवून राहिले का?
दोघांचेही तपकिरी. दोघांचेही डावे कान फाटके. आत्तापर्यंत असे सात.
मला दुपारी ऑफिसात एकदम काहीतरी सुचलं. इतकं मोठं आहे की आज लिहीत नाही.

२१ एप्रिल.
लिहितो. ही एक स्वतंत्र जात आहे.
जगात ठिकठिकाणच्या कुत्र्यांच्या जाती आहेत, मग खमरियाची का नसावी? फाटका डावा कान जन्मजात असणार. आमचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर इथे आले; तेव्हा बरोबर कुत्रीही आली असतील. नाव ठरवलं: खमरिया टेरियर. कुत्र्यांच्या जातींची नोंद करणाऱ्या एका संस्थेला पत्र लिहिलं, तीन प्रतींत. एक त्यांना, एक फाइलला, एक सुटी.
बिनसाखरेचा चहा आज स्थगित. शोधाचा दिवस होता.

२५ एप्रिल.
सरांनी प्रायमरी की शिकवली. म्हणजे प्रत्येक रेकॉर्डला असा एक नंबर, की एकच गोष्ट दोनदा नोंदली जाऊ नये. मग माझं टेबल वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिलं. म्हणाले, अंकल, कहीं ये सब एक ही तो नहीं है? मी हसलो. नावं वेगळी, मालक वेगळे, क्वार्टर वेगळे, वेळासुद्धा वेगळ्या! सव्वासहा, सात दहा, साडेआठ, दहा, एक, चार... दुसऱ्याच्या जेवणाच्या वेळी एकही जण जेवत नाही. जातीची शिस्त आहे ती, म्हटलं. सर चहा प्यायला गेले.
हुशार आहेत, पण अनुभव कमी.

२८ एप्रिल.
टेरियर आता अकरा. आठांचे फोटो मिळाले. सर म्हणाले, एकच फोटो आठ वेळा चढवलात. मी नम्रपणे सांगितलं की फोटो आठ वेगवेगळ्या अंगणांत मी स्वतः काढलेत. इतकं साम्य म्हणजे रक्त किती शुद्ध असेल!
वेबसाइट पाहणाऱ्यांचा आकडा एक्केचाळीस. त्यातले अडतीस मी, पण उरलेले तीन कोण, याचं कुतूहल आहे.
जेवताना विनताने विचारलं, यातले दोन कुत्रे तुम्ही कधी एका वेळी पाहिलेत का? चांगला प्रश्न आहे. उत्तर 'स्वभाव' या रकान्यात घातलं: खमरिया टेरियर एकमेकांच्या हद्दीत जात नाहीत.

५ मे.
रविवारी सकाळी दहाला मैदानावर पहिलं खमरिया टेरियर संमेलन. बाकीच्या दहा मालकांना घरोघरी जाऊन निमंत्रण. प्रमुख पाहुणे गुणवंत सर. शेवटी निष्ठेची जाहीर चाचणी: सगळ्यांनी एकदम हाक मारायची, प्रत्येक कुत्रा आपापल्या मालकाकडे जाईल. विनता पुढच्या खुर्चीत बसायला तयार झाली. इतक्या सहज कशी झाली कळत नाही.

८ मे, रविवार.
सकाळी ९.३०. खुर्च्या आल्या. राधाबाई नवं लुगडं नेसून आल्या आहेत. मोतीसाठी लाल रिबन आणलीय.
१०.००. मालक अकरा, मी धरून. साखळ्या अकरा. कुत्रा एकही नाही.
१०.०५. एक आला.
१०.१५. अजून एकच.

त्याच दिवशी, दुपारी २.
झालं ते क्रमाने लिहितो.
तो मैदानाच्या मधोमध येऊन उभा राहिला. मी म्हटलं, सुभेदार आला. त्याच वेळी शालिग्राम म्हणाला, आमचा राजा आला. राधाबाई रिबन घेऊन उठल्याच होत्या. मग अकरा जणांनी अकरा नावांनी हाका मारल्या. मी सर्वांत मोठ्याने मारली. तो खाली बसला. सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं, मग उठून पुंडलिकरावांकडे गेला. सकाळचे दहा वाजून गेले होते. त्यांचीच वेळ.
पुंडलिकराव फार खूश झाले नाहीत. म्हणाले, आता काय करता साहेब, तो घड्याळ पाहून चालून राहिला.
कोणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. राधाबाई हसल्या नाहीत. रिबन पिशवीत टाकून त्यांनी पुंडलिकरावांना एवढंच विचारलं, तुमी त्याला दूध तर नाही देत ना? त्याला पचत नाही. पुंडलिकराव देत होते. उद्यापासून देणार नाहीत. मग सगळे खुर्च्या गोल करून बसले आणि कोण काय खायला घालतं ते एकमेकांना सांगू लागले. मला कोणी विचारलं नाही.
सुभेदार माझ्याकडे आला नाही, कारण चारचौघांत प्रेम दाखवणं त्याच्या स्वभावात नाही.

९ मे.
पावणेआठला आला. रोजच्यासारखा. मी पाच मिनिटं पोळी घातली नाही. काहीतरी बोलायचं होतं त्याच्याशी. तो पायरीवर बसून राहिला. शेवटी विनताने पोळी घातली. तिच्या अटीबद्दल ती कालपासून एक अक्षर बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

१३ मे.
कोर्स संपला. सर म्हणाले, माझा प्रोजेक्ट पुढच्या प्रत्येक बॅचला दाखवणार. म्हणजे अभ्यासक्रमातच गेलो. धडा कोणता, विचारलं. डुप्लिकेट रेकॉर्ड, म्हणाले. अकरातले दहा काढून टाका अंकल, असंही म्हणाले. नाही काढले. कोणते दहा, हे त्यांनी सांगितलं नाही.

३१ मे, मंगळवार.
रिटायर झालो. हार, नारळ, भाषणं. साहेबांनी माझं नाव दोनदा बरोबर घेतलं.
नवी योजना: सुभेदारला सरळ टॅक्सीत घालून न्यायचं. नागपुरात त्याला बाकीची दहा घरं नसतील, म्हणजे आपोआप तो माझा. विनताला सांगितली. वाटलं होतं हसेल. ती हार आवरता आवरता म्हणाली, इथे त्याला अकरा घरं आहेत, तिथे आपण दोघंच. आणि आपल्याला तरी कुठे आपण दोघं पुरतो?
मला वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि ती बरोबर आहे याचं जास्त वाटलं.

५ जून, रविवार. दुपारी ४.
सामान ट्रकवर चढलं. फक्त कॉम्प्युटर बाकी आहे. क्वार्टर ताब्यात घ्यायला मोहन आणि कुंदा आले, नवं लग्न झालेलं जोडपं. इस्टेटचा माणूस यादी वाचत होता: पंखे दोन, ट्यूबलाइट तीन, नळ चार. सुभेदार चक्क पायरीवर होता, पावणेआठ नसताना. त्याला कळलंय म्हटलं. मी खाली वाकलो, तेवढ्यात तो उठला आणि कुंदाच्या मागोमाग खोल्या बघायला आत गेला.
कुंदाने विचारलं, ये किसका है? मी सांगितलं, संध्याकाळी पावणेआठला येतो. पोळी कोरडी नको, वरणात बुडवून. दूध अजिबात नाही. तिने दोनदा विचारून नीट लक्षात ठेवलं. चांगली मुलगी आहे. म्हणाली, हम तो इसे बिट्टू बुलाएँगे, आणि त्याने लगेच शेपूट हलवली.
विनता बाहेर टॅक्सीत बसली आहे, दुसरीकडे बघत. मी कॉम्प्युटर सुरू केला. पत्ता बदललेलं रेकॉर्ड ठेवू नये, असा नियम आहे. पहिली, सुभेदारची ओळ निवडून डिलीट दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं, आर यू शुअर?
या दोन महिन्यांत मला असं विचारणारा तो पहिलाच. मी नो दाबलं. बाहेरून हॉर्न वाजला. मग येस दाबलं.